जुन्या फोनची मुदत

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावरच्या एका खोलीत बसून माझा एक जुना विद्यार्थी जिल्ह्यातल्या वाचनालयांची साइट सांभाळतो. साइटवरची गर्दी सर्व्हरांमध्ये वाटून देणारा क्लाउडवरचा लोड बॅलन्सर त्याच्या ताब्यात आहे. तिथं माहिती कुलूपबंद ठेवणारं कोणतं एन्क्रिप्शन चालेल, कोणतं नाही, याचं धोरण तो लिहितो आणि प्रत्येक ओळीपुढे कारणही लिहितो. चहाला विचारलं तरी म्हणतो, "काहून?" कारण पटलं तर दोन कप पितो.

परवा म्हणाला, "सर, जुनं एन्क्रिप्शन बंद करून राह्यलो. जुन्या फोनवर साइट उघडनार नाई."

माझी पत्नी वारली त्याला वर्ष होत आलं. वाचनालयासाठी तिनं वाचलेल्या गोष्टी त्या साइटवर आहेत, आणि मी त्या रोज तिच्याच जुन्या फोनवर ऐकतो. नव्या फोनवरही आवाज तोच येईल, हे मला कळतं. तरी म्हटलं, "एवढा एक फोन चालू दे."

"एकासाठी दार उघडं ठेवलं तर चोर बी तिथूनच येते, सर. पोट्ट्यायचे पासवर्ड हायेत त्याच्यात."

रविवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन घरी आला. टेबलावरचा तिचा फोन त्यानं माझ्या हातात दिला. "पुरी गोष्ट आयकून घ्या. मंग बंद करतो."

गोष्ट चांगलीच लांब होती. तो भिंतीकडे पाहत बसून राहिला. आवाज थांबल्यावर त्यानं विचारलं, "करू?"

"कर."

त्यानं बटण दाबलं. "आता उघडून पाहा."

साइट उघडली नाही.

"बराबर," तो म्हणाला. लॅपटॉप पिशवीत घातला, पण उठला नाही.