बिनशेणाचं सारवण

माझ्या मायचं सारवण गावात नावाजलेलं. वैजापूरकडच्या त्या गावातल्या बाया म्हणायच्या, "काय बाई हौस हिला! दिवसातून पाच-पाच वेळा भुई सारवती." पाच वेळाच का, हे एकीच्याही टाळक्यात आलं नाय.

पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. निजामाच्या माणसांनी गावाला लई छळलं होतं, खोटं कशाला बोलू? पण माझा बाप पिंजारी. लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. त्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? तरी एका सकाळी गावातल्याच माणसांनी आम्हाला पारावर नेलं. बापाला शेंडी ठेवली, आईच्या कपाळावर तुळस गोंदली. "आता तुम्ही आमचे," म्हणाले. जीव वाचला म्हणून वर उपकार मानायचे! त्या दिवसापासून तिला अम्मा म्हणायचं बंद, माय म्हणायचं.

माय गोंदणावर रुपयाएवढं कुंकू लावायला लागली आणि भुई सारवायला लागली. ओणवी व्हायची, गुडघ्यावर बसायची, कपाळ टेकायची. ओठ हलायचे, आवाज नाय. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कोपरा सारवतीय. मी उंबऱ्यात राखणीला. फक्त त्या सारवणात शेण नसायचं, निव्वळ पांढरी माती. शेणावर नमाज कशी व्हायची?

तेच नडलं. शेजारच्या काकूनं एकदा वाकून हुंगलं. "अगं, शेणाचा वास कसा नाय तुझ्या भुईला?" मायनं तिच्यादेखत शेण आणलं आणि हसत हसत अख्खं घर सारवलं. काकू गेल्यावर ढसाढसा रडली. पुढं चुलीमागची हातभर जागा तेवढी मातीची राहिली. तिथंच अंग चोरून तिची नमाज.

माझं लग्न बापानं गुपचूप औरंगाबादेत, आमच्याच लोकांत लावून दिलं. बाप मेला तेव्हा गावानं त्याला जाळला, आपला माणूस म्हणून, भजनं म्हणत. मायचं कुंकू पुसलं. मी तिला माझ्याकडं आणली. घराशेजारी मशीद, बांग कानावर पडायची, तरी नमाजाआधी ही फडकं घेऊन फरशीवर.

"इथं कोण बघतंय तुला?" मी चिडायची.

"व्हय गं," म्हणायची आणि पुसायचीच.

अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं मला एकच मागितलं. "मला जाळू नको. मातीत ठेव. आणि कपाळाला काफूर लागला पायजे." आमच्यात मयताला आंघोळ घातली की नमाजेत वाकल्यावर, सिजद्यात, जमिनीला जे जे टेकतं, तिथं कापूर लावतात.

माय गेली. मोहल्ल्यातल्या बाया आंघोळ घालायला आल्या. त्यांच्यातली थोरली कपाळ घासायला लागली. घास घास घासलं. गोंदण कुठं निघतंय? मग मला विचारती, "ये अपने में की हैच क्या?"

वा गं वा! जन्मभर त्यांनी हुंगलं, आता तुम्ही हुंगा.

काफूर लावताना तिनं नाक घेतलं, तळहात घेतले, गुडघे, पाय घेतले. कपाळ सोडून दिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाटी हिसकावली. "आपा, ही तुळस त्यांनी एका सकाळी टोचली. तिच्यावर बोट फिरवून बघा, मग बोला."

ती जागची हलली नाय. मग मीच काफूर लावला. तुळशीच्या ऐन मधोमध कातडं टाचेसारखं निबर झालेलं होतं, कपाळ टेकून टेकून.