न चाखलेली भज्जी

येळवस जवळ आली की लातुरात सगळ्यांना आनंद होतो आणि मला धाप लागते. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला अख्खं शहर घरांना कुलपं लावून रानात जेवायला जातं. ज्यांना रान नाही त्यांना रानवाले आग्रहानं नेतात. आमचं रान उदगीर रोडला. पाहुणे किती येतील, आंबील आणि येळवशीची ती मिसळ भाजी, आमची भज्जी, पुरेल का, थंडी कुणाला बाधेल का, हे सगळं मी कुणी न सांगता डोक्यावर घेते. नवरा म्हणतो, तुला एखाद्या दिवशी काळजी नसली तर त्याचीच काळजी करत बसशील.

यंदा मात्र काळजीला खरं कारण होतं. माझी एक मैत्रीण क्लाससाठी लातुरात आलेल्या मुलींची मेस चालवते. ती मूळची हदगावची. नवरा गेल्यावर तिनं मेस काढली आणि तिच्या हाताला इतकी चव की मुली सुट्टीत घरी गेल्या तरी तिच्या वरणाची आठवण काढायच्या. पावसाळ्यात तिला ताप आला. ताप गेला तो वास आणि चव घेऊनच. डॉक्टर म्हणाले, येईल, धीर धरा. दिवाळी झाली, थंडी पडली, चव काही आली नाही. मुलींना तिनं यातलं काही कळू दिलं नव्हतं.

"अंदाजानं करून राहिले," एकदा तव्यावरची पोळी उलटता उलटता ती मला म्हणाली. "आता येळवसपर्यंत बघते. तुझ्या भज्जीची चव लागली तर मेस ठेवते. न्हाईतर गावाकडं भावापाशी जाते."

बोलली अगदी सहज. लातुरात माझं रडगाणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच आहे. ती गेली तर मी कुणाच्या ओट्यापाशी जाऊन बसायचं? आणि हे सगळं माझ्या भज्जीवर टाकून ती मोकळी झाली होती. मला तिचा रागच आला.

येळवशीच्या दिवशी पहाटे हात बधिर करणारा गारठा होता. मी तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे शिजवले, मेथी, गाजर, पातीचा कांदा घातला, चिंचेचा कोळ आणि बेसन लावलं. लसूण नेहमीपेक्षा जास्त ठेचला, म्हणजे कुठून तरी तिच्या जिभेपर्यंत पोचेल. भज्जी रटरटायला लागली आणि माझ्या मनात आलं, मीठ घातलं का? काही केल्या आठवेना. आणि चाखून बघायची सोय नाही, कारण ही भज्जी आधी रानात लक्ष्मीला दाखवायची असते. नैवेद्य दाखवण्याआधी तिला जीभ लावायची नाही, हे आमच्याकडं इतकं पक्कं की चोरून चाखायचं माझ्या मनातही आलं नाही. पुन्हा घालावं तर खारट होईल, आणि खारट झाली तर मैत्रीण गावाला जाईल. शेवटी मीठ घातलंच असणार, अशी मी स्वतःची समजूत काढली.

रानात लक्ष्मीसाठी कडब्याची खोपटासारखी कोप बांधलेली होती. पूजा झाली, नैवेद्य झाला. पुरुषमाणसं आंबील शिंपडत रानाच्या कडेकडेनं निघाली, बाकी पाहुणे त्यांच्या मागं. कोपीपाशी आम्ही दोघीच उरलो. ती स्वेटरवर शाल घेऊन बसली होती. पाहुणी म्हणून पहिलं ताट तिचं. बाजरीच्या पिठाचा वाफवलेला उंडा मोडून तिनं भज्जीत बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"लई झकास झाली गं," ती म्हणाली. "मीठमिरची कशी, अगदी बरोबर."

मला रडूच आलं. आली चव, राहिली मेस, राहिली माझी मैत्रीण. डोळे पुसतच मी माझं ताट वाढून घेतलं, घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. भज्जीत मिठाचा कणही नव्हता.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला काही लपवता येत नाही.

"काय कमी हाय?" तिनं विचारलं.

"मीठ," मी म्हणाले.

तिनं ताट बाजूला सारलं आणि ती सांगू लागली. मेसमध्ये ती खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायची. पहिल्या पंगतीतली मुलगी पाणी जास्त प्यायली की तिखट झालं, लोणचं मागितलं की अळणी. तसंच माझ्या तोंडावरून ओळखू म्हणून ती आली होती. पण पहिलं ताट तिलाच आलं, आणि मी सकाळपासून असं सुतकी तोंड करून हिंडत होते की त्यावरून तिला काहीच कळेना, म्हणून तिनं आपलं बरोबर म्हणून टाकलं.

"मला जायाचं न्हाई गं हदगावला," ती म्हणाली.

मी पुडीतलं मीठ भज्जीत घालून ढवळलं, चाखलं आणि तिला सांगितलं, उद्यापासून शाळेत शिकवायला जाण्याआधी मी तुझ्या मेसमध्ये येणार, तू वाटीत वरण द्यायचं. ती नको नको म्हणाली, पण माझ्यासारखीच्या हट्टापुढं कुणाचं चालत नाही.

तेव्हापासून मी रोज जाते. थंडी अजून आहे. मुली उठायच्या आत वरण उकळत असतं, मी फुंकर घालून एक घोट घेते आणि कमी, जास्त किंवा बरोबर म्हणते. चव आली का, हे मी विचारत नाही.

काल मी बरोबर म्हणाले. तिनं पळी खाली ठेवली.

"बरोबर म्हंजे कसं लागतं, सांग की."

मी आणखी एक घोट घेतला. दिवसभर बडबडणारी मी, मला एक शब्द सुचेना. गरम आहे, एवढंच म्हणाले.

"ते मलाबी कळतंय," ती म्हणाली.