‘ठाऊक नाही’साठी भांडणारी मॉर्वेना

गुरुवारी सकाळी मॉर्वेना पेंगेलीने चहाचा मग टेबलावर असा आपटला की शेजारच्या फ्रेजरने हातातलं बिस्किट घाईघाईने खिशात लपवलं.

ब्रिस्टलच्या त्या कचेरीत ही बाई बारा वर्षं कंपायलरमध्ये, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकच काम करत होती, किमती धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलांचा पाठलाग. प्रोग्राम वेगवान करताना कंपायलर त्यांच्या किमती प्रोसेसरच्या एका कप्प्यातून, म्हणजे रजिस्टरमधून, दुसऱ्यात, तिथून मेमरीत पळवतो; एखादी तर नकोशी म्हणून पुसूनच टाकतो. कुठली किंमत कोणत्या क्षणी कुठे आहे, हे प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या डीबगरसाठी नोंदवायचं, आणि हरवली की सरळ लिहायचं, ‘ठाऊक नाही’. नवरा हरवला तर ती एवढं शोधणार नाही, असं कचेरीत म्हणत. नवराही म्हणे.

उद्या निघणाऱ्या आवृत्तीतून तिच्या प्रमुखाने, अलिस्टेअरने, या ‘ठाऊक नाही’च्या नोंदीच उडवल्या होत्या. नोंद उडाली की आधीचा पत्ताच पुढे खरा धरला जातो. सापडलेल्या व्हेरिएबलांचा आकडा एकाहत्तर टक्क्यांवरून नव्वदवर गेला, म्हणून पठ्ठ्याने केकही आणला होता.

“अगं, आलेख तरी बघ!”

“आलेख घाल चुलीत! खोटं आहे ते.”

“‘ठाऊक नाही’ वाचून लोक वैतागतात, मॉर्वेना.”

“आणि खोटं वाचून काय, आनंदात न्हाऊन निघतात? बस इथे!”

तिने एक छोटा गेम चालवला. पडद्यावर खेळाडू मरून आडवा पडला होता. डीबगर सांगत होता, प्राण शिल्लक तीन.

“तीन?” अलिस्टेअर पुटपुटला.

“प्राण होते त्या रजिस्टरमध्ये आता खोलीतली दारं मोजून ठेवलीत, शहाण्या! गिऱ्हाईक आठवडाभर स्वतःच्याच धडधाकट कोडला शिव्या घालत बसेल.”

“दारं तीनच आहेत खरी,” फ्रेजरने पडद्यावर मोजून सांगितलं.

“पण वरच्या साहेबांना मी नव्वद सांगून बसलोय,” अलिस्टेअर कळवळला. “आता तूच जाऊन सांग.”

जिना चढता चढता मॉर्वेनाने जळजळीत भाषण जुळवलं. वरच्यांनी एवढंच विचारलं, “उद्या आवृत्ती निघेल ना?”

“नोंदी आज परत घातल्या तर निघेल.”

“मग घाला.”

संपलं! एवढा दारूगोळा घेऊन ती खाली आली आणि तो सगळा अलिस्टेअरवर रिकामा केला, लबाडी, आळस, नव्वद, पहिल्यापासून. तो मान खाली घालून ऐकत होता आणि एकीकडे आपला बदल मागे घेत होता.

“हळू बडव!” ती कडाडली. “कीबोर्डाने काय केलंय?”