दरसाल नवी पिशवी, दरसाल नवी सुई

गौरवग्रंथ हाती घेतलेल्या समस्त मंडळींना नमस्कार. कंपाउंडर रशीदभाई, गुडघे जिना चढू देतात का? नर्स मंदाताई, डोळ्याचं ऑपरेशन बराबर झालं ना? आणि ज्यांच्या साठीनिमित्त आपण सारे जमलो, त्या डॉक्टर शकुंतलाबाईंची तब्येत कुणी विचारली की न्हाई?

बाईंची पहिली ओळख दुःखातच झाली. जाफराबादेत त्यांनी नुकताच दवाखाना थाटला होता. पावसाळी तापानं आमची आई गेली. "वय झाल्तं," मी म्हणालो.

"भाऊ, परवापर्यंत त्या शेतात निंदायला जात होत्या. वयानं नाही, तापानं नेलं त्यांना. दरसाल अशी किती माणसं तुम्ही वयाच्या नावावर टाकता!"

ते बोलणं काळजात रुतून बसलं. दरसाल भादवा सरला की आमच्या गावच्या पारावर एखाद-दुसरी जागा रिकामी व्हायचीच.

कैक वर्षांनी या तापाची, म्हणजे फ्लूची, लस शहरात मिळू लागली. बाईंनी ती बर्फाच्या डब्यातून स्वतः आणली. आमच्या घरधनिणीला, कौसाबाईंना, जुना दमा, म्हणून पहिली सुई त्यांना. पुढच्या साली पेरणीच्या तोंडावर बाई मांडीवर डबा घेऊन जीपनं गावात आल्या, तर पारावर सगळे म्हातारे बाह्या वर करून बसलेले! टोचून घ्यायला न्हाई, लहानपणच्या देवीच्या लसीचे वण दाखवायला!

"एकदा टोचलं की जन्माचं भागतं," कौसाबाई म्हणाल्या. "माझं तर दोनदा झालं, देवीचं अन् गेल्या सालचं. आता काय चाळणी करता माझी?"

सगळे हसले, बाईही हसल्या. "कौसाबाई, कपाशीला घरची सरकी पेरता का?"

"छ्या! दरसाल नवी पिशवी लागती. घरची बिलकुल साधत न्हाई."

"मग तापाचंही तसंच. तो दरसाल रूप पालटून येतो, मागची सुई त्याला पुरत नाही. सुई घेऊनही एखाद्याला ताप येईल, खोटं सांगणार नाही. पण जिवावर बेतायचं पुष्कळ टळतं."

"मंग टोचा. पण हळू! भाकरी थापायचा हात हाय."

त्या भादव्यात ताप घरोघर फिरला. कौसाबाईही पडल्या. मला आईची खाट दिसू लागली. आणि एका सकाळी आतून आवाज आला, "च्यात साखर घातली का न्हाई?" अहो, काय सांगू! पायात चपला न घालता मी जाफराबादला जाणारी जीप गाठली, बाईंना सांगायला!

आता भादवा सरतो, तरी पारावर आम्ही बहुतेक जण असतो, भांडायला ताजेतवाने.

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पण नुसत्या शुभेच्छांवर भागवणाऱ्या तुम्ही न्हाई, हे आम्ही जाणतो. कपाशीच्या पिशव्या घरात येऊन पडल्यात. यंदाचा डबा कधी येतो? साठी लागली, म्हणजे तुम्हीही आता आमच्याच रांगेतल्या. यंदा पहिला दंड तुमचा. तुम्हाला कोण टोचणार, तेवढं जल्दी लिहून कळवा.