गिरिजाक्काची सुट्टी

गिरिजाक्काला महिन्यातले दहा दिवस भेटायचं तर मागच्या दारानं जावं लागे. बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या घाऊक बाजारात तिच्या सासरचं गुळाचं दुकान, वर घर आणि घराच्या मागच्या अंगाला एक खोली. पाळी आली की सुनेनं त्या खोलीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, हा तिच्या सासूबाईंचा नियम. खाली दुकानात गुळाचे भाव मोबाइलवर येऊ लागले, वर नियम होता तिथेच होता.

गिरिजाक्का माझी सख्खी मावशी, पण आमच्या बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत थोरली बाई म्हणजे अक्काच. त्या नियमाचा मला संताप येई. तिला नाही. ती चटईवर आडवी होऊन मासिकं वाचायची, जुनी कन्नड गाणी ऐकायची आणि धाकटी जाऊ दारात आयतं ताट ठेवून जायची. "मी काय करू गं, शिवायचं नाही ना!" हे ती इतक्या दुःखी चेहऱ्यानं म्हणायची की मला हसू आवरायचं नाही. एरवी सगळ्या घराचा स्वयंपाक आणि दुकानातल्या हमालांची कॉफी तिच्याच गळ्यात होती, आणि दुखलंखुपलं तरी कुणी उसंत देत नसे.

बाकीच्या बायकांना तीन दिवस, हिला दहा, कारण हिच्या गर्भाशयात गाठी होत्या. रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती. जिना चढताना मध्येच भिंत धरून उभी राहायची. शेवटी मीच तिला गाडीत घालून एचएसआर लेआउटमधल्या माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन वाचून, ही बाई इथवर चालत आलीच कशी, असं त्यांनी मला विचारलं.

मग त्यांनी समजावलं. पोट फाडायचं नाही. तीन-चार बारीक भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून गाठी काढायच्या, गर्भाशय जागच्या जागी. एक-दोन दिवसांत घरी, थोड्याच आठवड्यांत नेहमीची कामं, आणि रक्तस्राव इतर बायकांसारखा तीन-चार दिवस.

अक्काचा चेहरा उतरत गेला. "जुन्या पद्धतीचं नाही का करत तुम्ही? मोठ्ठं कापून? त्यात महिना-दीड महिना उठू देत नाहीत म्हणे."

मोठी जखम मागून घेणारा पेशंट डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदाच भेटला असावा.

गाडीत बसल्यावर अक्का म्हणाली, "गाठी जातील गं, पण माझे दिवसही जातील की."

"मरून सुट्टी घेणार आहेस का मग?" मी ओरडलेच.

"सरी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "कर तुझ्या मनासारखं."

आधी लोहाची इंजेक्शनं झाली, मग ऑपरेशन. छान झालं. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे दोन दिवस खांदा तेवढा दुखला. घरी बघायला आलेल्या नातेवाइकांची मात्र घोर निराशा झाली. त्या घरात आजारपण टाक्यांवर मोजायचे, आणि इथे पोटावर चार चिकटपट्ट्या. "एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. जाऊ म्हणाली, "लस टोचल्यासारखं दिसतंय." डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती त्या चिकटपट्ट्यांइतकीच टिकली. आठवड्याभरात अक्का चुलीपुढे उभी होती. मला फार वाईट वाटलं.

पुढे पाळी आली आणि ती मागच्या खोलीत गेली. चौथ्या सकाळी मी तिच्या गोळ्या घेऊन गेले. खरं तर तेव्हा तिनं न्हाऊन स्वयंपाकघरात यायचं, पण बाई चटईवर मासिक वाचत होती. जावेनं आतूनच आवाज चढवला, "आत्याबाई, गाठी काढल्या ना यांच्या? मग आता कसले दहा दिवस?"

सोवळ्यातल्या सासूबाई येऊन उंबरठ्याबाहेर थांबल्या. आता संपलं, असं मला वाटलं.

अक्कानं मासिक मिटलं. तिला खोटं बोलता येत नसे. "थांबलंय, आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "सुम्ने बसलेय, उगीचच."

ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंनी चटईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला कधी गाठी झाल्या नाहीत बघ. तीन दिवस झाले की उठावंच लागायचं."

अक्का चटईवर थोडी सरकली. "या ना. स्वल्प बसा."

सासूबाईंनी एकदा मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग भिंतीचा आधार घेत उंबरठा ओलांडला, अक्काशेजारी बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अय्यो आत्याबाई, शिवलात तुम्ही!" जाऊ दारात किंचाळली. "आता नैवेद्याचं कोण करणार?"

"तू कर," सासूबाई पाय पसरत म्हणाल्या. "मी आज बाहेरची आहे. दोन ताटं आण."