आबांच्या नावावरची पावलं

माझे वडील दत्तात्रेय सप्रे यांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नाही, असं सारा रामघाट म्हणतो. मीही म्हणत असे, सत्त्याण्णवच्या ज्येष्ठापर्यंत.

आबा काशीतले मराठी भिक्षुक. चाळीस वर्षं त्यांनी काशीभोवतीची पंचक्रोशी परिक्रमा दुसऱ्यांच्या वतीने केली. दूरचे, म्हातारे, पायांनी अधू यजमान पत्र पाठवीत. आबा हातावर पाणी घेऊन त्यांच्या नावाने संकल्प सोडीत आणि पाच दिवस अनवाणी चालून येत. चालायचे आबा, पुण्य यजमानांना. आमचं घर त्यावरच चाललं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षी होळीनंतर त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. मी लखनौला बँकेत होते. तिथल्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, पायाच्या नसांतून रक्त नीट पोचत नाही; रोज चाला, हळूहळू वाढवा, नाहीतर पाय कापायची पाळी येईल. माझी झोप उडाली. एका सहकाऱ्याचा भाऊ जपानहून आला होता, त्याच्याकडून पेडोमीटर मिळवला. काडेपेटीएवढी डबी, कमरेला अडकवली की पावलं मोजते. ती आबांच्या धोतराला लावून दिली आणि बजावलं, दर शनिवारी कार्डावर सातही दिवसांचे आकडे कळवायचे.

पहिल्या कार्डावर रोजचे सात-आठशे. ‘एवढ्यानं भागणार नाही,’ असं मी उलट टपाली ठणकावलं. मग आकडे चढू लागले. अडीच हजार, चार हजार, ज्येष्ठ लागेपर्यंत सात हजार. मी बँकेत ती कार्डं मिरवली. ‘शाबास आबा, आणखी वाढवा,’ असं दर आठवड्याला लिहीत राहिले. डॉक्टरांनाही कार्डं दाखवली. एवढं चालणं जमतंय तर पुढची तपासणी दिवाळीनंतर करू, असं ते म्हणाले.

जूनमध्ये न कळवता बनारसला गेले. सकाळी भोसले घाटावरून घराकडे निघाले होते, तर समोरून मोहन झपाझप येताना दिसला. मोहन आबांचा जुना शिष्य, चाळिशीचा, आता स्वतः भिक्षुकी करणारा. त्याच्या कमरेला माझी डबी.

“मोहन, हे तुझ्याकडे कसं?”

तो जरासुद्धा गडबडला नाही. “गुरुजींनी संकल्प दिलाय ना, ताई. रोज सुबह रामघाट ते केदार घाट, मग वापस. हर हप्त्याला थोडं बढवायचं, असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय म्हणे. आज जरा देर झाली.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. घरी आबा खाटेवर बसून वाती वळत होते. मी दारातूनच सुरू झाले.

“मला फसवलंत, आबा. परक्यानं फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं.”

“फसवलं कसं? रीतसर पाणी सोडलंय. चालतो मोहन, फळ माझं. माझ्या चालण्याचं फळ नागपूरच्या यजमानांना पोचलं, मग मोहनचं मला नाही पोचणार?”

इतका शिकलेला माणूस हे मनापासून मानत होता, की मला गप्प करायला बोलत होता, ते मला आजही ठरवता येत नाही. मी रडले, ओरडले, नको ते बोलले. दोन महिने मी मोहनच्या पायांवर खूष होत होते, आणि डॉक्टरांपुढे तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

आबांनी वाती बाजूला ठेवल्या. “पहिला आठवडा मीच चाललो. संकठा घाटापर्यंत जाईस्तोवर पोटरी अशी पेटायची, की पायरीवर बसून राहायचो. आकडा पुढे सरकेना. तुला तो पुरेना.” मग म्हणाले, “दहा कार्डं धाडली, मुक्ता. दहाही उत्तरं ठेवलीत मी. पाय दुखतो का, हे एकातही नाही.”

मी खाली बसले. त्यांनी उजवा पाय धोतराखाली ओढून घेतला होता, तो मी धरून बाहेर काढला. अंगठा काळा पडला होता.