टेपचं टोक

पडदेवालीला कुठल्याही घरात थेट झोपायच्या खोलीपर्यंत प्रवेश होता. पडदे शिवणारीला बैठकीत बसवून भागत नाही. खिडकी मोजायची, दांडी ठोकायची, प्रसंगी पलंगावर उभं राहायचं, सगळी मुभा. नवरा गेल्यापासून या मुभेवरच तिचं घर चाललं होतं, आणि ती तिला जिवापाड जपायची.

टेपचं दुसरं टोक धरायला सोबत मुलगा असे. घरचे त्याला भिंगरी म्हणत, कारण एका जागी ठरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. आईनं आकडा वाचेपर्यंत त्याला दम कुठला? हा टोक सोडून मोकळा, आणि पोलादी पट्टी सर्रकन तिच्या बोटांवर.

"मेल्या, एक दिवस बोट तोडशील माझं."

"मग नऊ बोटांची पडदेवाली म्हणतील. लोकांच्या लक्षात तरी राहशील."

चौदाव्या वर्षी याच भिंगरीनं एका घरातून मनगटी घड्याळ उचललं. ते आईला उशीखाली सापडलं. ती तशीच परत द्यायला धावली. घड्याळवाल्या बाईंनी "पोर आहे, जाऊ द्या," म्हणून तिला वर चहा पाजला. गोष्ट तिथं मिटली होती. पण आईचं मन मिटेना. आज घड्याळ, उद्या काय? बापाचा धाक नाही, तर निदान खाकीचा बसू दे. तिनंच त्याला दंडाला धरून चौकीत नेलं.

"साहेब, जरा दम भरा याला. तासभर बसवून ठेवा, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल."

साहेब कनवाळू होते. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारत विचारत सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "आता असंच सोडता येत नाही, बाई. बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागेल. काळजी करू नका, मुलांच्या भल्याचाच कायदा आहे."

त्या भल्यापायी भिंगरी थंडीत सुधारगृहात गेला तो पंखे फिरायला लागले तरी आतच. एकदा मंडळाचे सदस्य रजेवर, एकदा घरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवालच आला नाही, एकदा मुलांना आणायला गाडी नाही. घड्याळवाल्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या की माझी काही तक्रार नाही. कारकून नम्रपणे म्हणाला, तक्रार आता सरकारची आहे.

पहिल्या भेटीत तो रडला. "आई, तू तासभर म्हणाली होतीस ना?" दुसऱ्या भेटीत भांडला. पुढच्या वेळी त्याचा ओठ फुटलेला होता. "पडलो," म्हणाला, पण बघत होता शेजारच्या खुर्चीतल्या रखवालदाराकडे. मग हळूहळू तो 'घरी ने' म्हणायचाच थांबला. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी मंडळानं त्याला तंबी देऊन सोडलं. तिला पहिल्या दिवशी तरी दुसरं काय हवं होतं?

घरी आलेला मुलगा उठल्याबरोबर अंथरुणाची चौकोनी घडी घालायचा. संडासला जाऊ का, म्हणून विचारायचा. सांगितल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, पोराचं सोनं झालं. ती नुसती मान हलवायची.

धाकट्या जावेनं नवीन घराचे पडदे तिच्याकडेच दिले. मोजमाप चालू असताना जावेनं तिला हाक मारून स्वयंपाकघरात नेलं. टेप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती गेली.

"ताई, आमचं कार्टं हल्ली उलटं बोलायला लागलंय," जाऊ चहा गाळत हळूच म्हणाली. "तुमच्या त्या साहेबांकडे एकदा नेऊ का? तुमचा बघा, कसा सुतासारखा सरळ झाला."

ती कपबशा मांडत राहिली. नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर कुणी नेलं होतं इथपासून सुरुवात करावी लागणार.

"भिंगरी, चहाला ये रे," काकूनं हाक मारली. उत्तर आलं नाही. दोघी बघायला गेल्या.

तो स्टुलावर तसाच उभा होता. हात वर, टेपचं टोक दांडीला टेकवलेलं. दंड थरथरत होता.

"अरे, अजून धरूनच उभा?" काकू म्हणाली.

"आई सोड म्हणाली नाही."

आईनं कट्ट्यावरची टेप उचलली. "सोड रे, राजा. सोड."

सवयीनं तिनं बोटं आखडून घेतली. तो टोक धरूनच स्टुलावरून उतरला, पट्टी हळूहळू आत जाऊ देत तिच्यापाशी आला आणि टोक अलगद तिच्या हातात ठेवलं.

"राहू दे, ताई, ते साहेबांचं," जाऊ एवढंच म्हणाली.

ती बोटं आखडून तशीच उभी राहिली.

"आता कुठं उभा राहू?" त्यानं विचारलं.